घामाची नोंद

आरोग्य आणि शारीरिक शिक्षणातले डिजिटल प्रकल्पाधारित अध्ययन हे नाव जड आहे. काम मात्र सरळ आहे. चार-पाच विद्यार्थ्यांचा गट शरीराविषयी किंवा गावाच्या आरोग्याविषयी एक प्रश्न घेतो. उत्तर पुस्तकात तयार मिळत नाही, म्हणून गटाला मोजावे लागते, विचारावे लागते, चालून पाहावे लागते. मोजलेले सगळे फोनमध्ये नोंदवले जाते, तक्त्यात मांडले जाते, तपासले जाते. सत्राच्या शेवटी त्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल असे काहीतरी तयार होते. तो नकाशा असेल, चित्रफीत असेल, वाडीतल्या कबड्डी संघासाठी सरावाचे वेळापत्रक असेल किंवा आरोग्य केंद्राला द्यायचे एक पानाचे टिपण असेल. इंटरनेटवरून ‘योगाचे फायदे’ उतरवून रंगीत सादरीकरण करण्यालाही महाविद्यालयांत प्रकल्पच म्हणतात, पण त्यात कुणाला घाम आलेला नसतो.

रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवरचे पावस हे अशा कामासाठी नमुना म्हणून घेण्याजोगे गाव आहे. पावसचा विद्यार्थी पदवीसाठी रत्नागिरीला जातो. भाट्ये, फणसोप, गोळप अशी एसटीची वाट, दिवसाचे दीड-दोन तास प्रवासात. त्याचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाला जोडलेले असते, म्हणजे विद्यापीठाचे मुख्य संकुल तीनशेहून अधिक किलोमीटर लांब. शारीरिक शिक्षणाचा जो अभ्यासक्रम मुंबईतल्या विद्यार्थ्यासाठी, तोच या विद्यार्थ्यासाठी. पण दोघांच्या दिवसात शरीर वापरण्याच्या तऱ्हा अगदी निराळ्या आहेत, आणि पुस्तकी व्याख्यानात हा फरक पुसला जातो.

संघात नसलेल्यांचे काय

महाविद्यालयातले शारीरिक शिक्षण हे वर्षानुवर्षे निवडक मुलांसाठी चालत आले. साधारणपणे एका महाविद्यालयाला एक क्रीडा संचालक. त्याच्या वर्षाचा मोठा भाग विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा, संघनिवड, प्रवेशिका, पोशाख आणि प्रवासभत्त्याची बिले यांत जातो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री यांत खेळणारी मुले एकूण पटाच्या मानाने थोडी. उरलेल्यांचा जिमखान्याशी संबंध ओळखपत्र दाखवून कॅरम मागण्यापुरता. मुलींचा तर तेवढाही नाही, कारण शेवटची सोयीची एसटी चुकली तर घरी पोचायचे कसे, हा प्रश्न मैदानापेक्षा मोठा ठरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०च्या अंमलबजावणीसाठी महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी श्रेयांकांचा आराखडा ठरवणारा निर्णय काढला. संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून आला. मुख्य विषयाबरोबर सहअभ्यासक्रम, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग असे स्वतंत्र खाने त्यात आहेत. आरोग्य आणि निरामयता, योग, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी हे सगळे सहअभ्यासक्रमाच्या खान्यात बसते. एका श्रेयांकाला प्रात्यक्षिकाचे किंवा क्षेत्रकामाचे ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांना ६० तास. जो मुलगा कधीच संघात नव्हता, त्याच्या गुणपत्रिकेतही आता शरीराला जागा मिळाली.

जागा मिळाली, पण ती भरायची कशाने हे ठरायचे आहे. वर्गात ८० मुले, शिक्षक एक आणि पहिले सत्र पावसाचे. अशा स्थितीत दोनच वाटा उरतात. एक म्हणजे हजेरी, फाइल आणि सबमिशन. दुसरी, मुलांचे गट पाडून काम त्यांच्या हाती देणे. डिजिटल साधनांची खरी गरज दुसऱ्या वाटेवर लागते, कारण १६ गट वेगवेगळ्या गावांत काम करत असतील तर एका शिक्षकाला त्यांच्या नोंदी वेळोवेळी बघता आल्या पाहिजेत.

मोजण्याची जुनी परंपरा

करून शिकण्याची कल्पना या मातीला परकी नाही. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्पपद्धतीवरचा गाजलेला निबंध १९१८ साली कोलंबिया विद्यापीठातून लिहिला. त्यांचे गुरू जॉन ड्यूई. त्याच विद्यापीठात काही वर्षे आधी डॉ. आंबेडकर ड्यूईंच्या वर्गात बसले होते. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताने काम करत शिकवणाऱ्या ‘नई तालीम’ची मांडणी झाली. पावसपुरते बोलायचे तर स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) म्हणून पुढे ओळखले गेलेल्या रामचंद्र गोडबोले यांनी तरुणपणी, असहकाराच्या वाऱ्यात, गावात स्वावलंबनाश्रम नावाची शाळा चालवली होती. त्यांच्या समाधिमंदिराच्या दर्शनाला येणाऱ्यांना ती सहसा माहीत नसते.

शरीराला उपकरण लावून पाहण्याची परंपराही महाराष्ट्रातलीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिले, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे, मुंबई सरकारची कांदिवलीची शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था १९३८ची. पुढे या दोन धारा वेगळ्या झाल्या. व्यायाम मैदानावर राहिला, मोजमाप प्रयोगशाळेत गेले. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनमध्ये त्वरणमापक, कॅमेरा, घड्याळ आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आहे. त्या काळच्या प्रयोगशाळांना यातले पुष्कळसे मिळाले नसते.

पावसाळी सत्र आणि चार चिरे

पावस गौतमी नदीच्या काठाने, आंबा-काजूच्या बागांत पसरलेले आहे. वर जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार. रत्नागिरीत पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके याच महिन्यांत येते. मैदानात पाणी, सड्यावर शेवाळ. धावण्याची कोणतीही चाचणी दिवाळीपर्यंत विसरावी लागते. देशभर वापरल्या जाणाऱ्या तंदुरुस्ती-चाचण्यांच्या वेळापत्रकात या पावसाचा विचार नसतो.

म्हणून पावसाळ्यात पायरीची चाचणी घ्यावी. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट या नावाने ती ओळखली जाते. ४१.३ सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटे चढ-उतार करायची, मुलींनी मिनिटाला २२ वेळा आणि मुलांनी २४ वेळा. थांबल्यावर पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची आणि चाराने गुणायचे. पायरी विकत आणायची गरज नाही. पडवीत जांभ्याचे चिरे रचून, फळी टाकून, मोजपट्टीने उंची जुळवता येते. मात्र रचलेले चिरे हलता कामा नयेत. त्यासाठी आधी गटातल्या सगळ्यात वजनदार मुलाला त्यावर उभे करून पाहावे. लय राखायला फोनवर फुकट मिळणारा मेट्रोनोम लागतो. एका चढ-उतारात चार पावले, म्हणून मुलींसाठी तो मिनिटाला ८८ ठोक्यांवर आणि मुलांसाठी ९६ ठोक्यांवर लावायचा.

गटातली कामे इथेच वाटली जातात. एकजण चढतो, एकजण लय सांभाळतो, दोघे स्वतंत्रपणे मनगटावर नाडी मोजतात आणि पाचवा आकडे ऑनलाइन तक्त्यात भरतो. दोन मोजणाऱ्यांचे आकडे सहसा जुळत नाहीत, आणि शिकणे तिथून सुरू होते. १५ सेकंदांत एकाला ४० ठोके मिळाले, दुसऱ्याला ४१. चाराने गुणल्यावर १६० आणि १६४. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचा अंदाज सूत्राने काढला तर मुलीच्या बाबतीत किलोमागे मिनिटाला ३६.३ आणि ३५.५ मिलिलिटर असे उत्तर येते. मुलाच्या बाबतीत ४४.१ आणि ४२.५. चूक एकाच ठोक्याची, पण मुलांच्या सूत्रात तिचा परिणाम दुपटीहून जास्त, कारण दोन्ही सूत्रांतले गुणक वेगळे आहेत. ही सूत्रे न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांवरून बसवलेली. गोळपच्या चढावर रोज चालणाऱ्या मुलीला ती कितपत लागू पडतात, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारला तर अर्धा अभ्यासक्रम तिथेच झाला.

हीच चाचणी दुसऱ्या आठवड्यात एकदा आणि दहाव्या आठवड्यात पुन्हा घ्यायची. मधल्या काळात, काही गट एकत्र करून, त्यांतल्या अर्ध्या मुलांनी आठवड्यातून ठरावीक दिवस चढण चढायची, अर्ध्यांनी नेहमीसारखे राहायचे. वीस मुलांच्या अशा प्रयोगातून फार काही सिद्ध होत नाही. फरक दिसला तरी तो सरावाचा, की दुसऱ्यांदा चाचणी देताना भीती गेली त्याचा, हे सांगता येत नाही. ते सांगता येत नाही असे अहवालात लिहिणाऱ्या गटाला जास्त गुण द्यायला हवेत.

फोन काय मोजतो

फोनवरच्या आकड्याला दशांश चिन्ह असले की तो खरा वाटू लागतो. म्हणून प्रकल्पाचा पहिला आठवडा फोनलाच तपासण्यात घालवावा. शंभर पावले मोठ्याने मोजत चालायचे आणि पडद्यावर किती आली ते पाहायचे. फोन हातात, खिशात, पाठीवरच्या पिशवीत आणि कंबरेला खोचलेल्या बटव्यात, असे चार प्रकार. एसटीत बसल्या जागी पावले वाढतात का, तेही गोळप ते भाट्ये एवढ्या खड्ड्यांत कळून येते.

दहा हजार पावलांचे प्रमाण कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेले नाही. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने बाजारात आणलेल्या पावलेमापकाच्या नावात तो आकडा होता. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका घटलेला दिसला आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आजीची पावले मोजताना हे माहीत असणे बरे.

दिवाळीनंतर जमीन सुकली की कूपरची १२ मिनिटांची धाव घेता येते. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी ती १९६८ साली प्रसिद्ध केली. १२ मिनिटांत कापलेल्या मीटरांतून ५०४.९ वजा करायचे आणि ४४.७३ ने भागायचे. दोन हजार मीटरला उत्तर ३३.४ येते. ॲपने लहान मैदानाची वळणे कापून शंभर मीटर कमी दाखवले, तर उत्तर ३१.२ वर उतरते. आंब्याच्या दाट सावलीतही उपग्रहाचा संदेश भरकटतो. अशा वेळी चुन्याची फक्की टाकून, टेपने मोजलेले रिंगण आणि फेऱ्या मोजणारा मित्र हे फोनपेक्षा विश्वासाचे. गटाने दोन्ही वापरावे आणि फरक लिहून ठेवावा.

कॅमेरा मात्र फार उपयोगाचा. उभ्या उडीची उंची हवेत राहिलेल्या वेळेवरून काढता येते. वेळेचा वर्ग, त्याला ९.८१ ने गुणून आठाने भागायचे. अर्धा सेकंद हवेत म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या चित्रीकरणात एक चित्र इकडेतिकडे मोजले गेले तर चार सेंटिमीटरची चूक होते. २४० चित्रांच्या मंदगती चित्रीकरणात तीच चूक अर्ध्या सेंटिमीटरवर येते. खो-खोत खो मिळाल्यावर उठायला किती वेळ लागतो, कबड्डीत ३० सेकंदांच्या चढाईत चढाई करणारा किती वेळ नुसताच उभा असतो, हे सगळे किनोव्हा या फुकट संगणकप्रणालीत चित्रागणिक पाहता येते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने काढलेले फायफॉक्स हे ॲप फोनच्या त्वरणमापकाचे कच्चे आकडे तक्त्यात उतरवून देते. गावातल्या संघाला हे दाखवले की तिशीतले खेळाडूही खुर्ची ओढून बसतात.

पावस परिसरात सगळीकडे सारखी रेंज मिळत नाही. म्हणून नोंदीचे अर्ज नेटशिवाय भरता येणारे हवेत. कोबो टूलबॉक्ससारखी साधने ती सोय देतात. नोंदी फोनमध्ये साठतात आणि सड्यावर किंवा रत्नागिरीत रेंज आली की वर चढतात. गटात एकच चालता फोन असला तरी पुरतो. प्रत्येकाकडे स्मार्टवॉच हवे अशी अट घालणारा प्रकल्प पहिल्याच दिवशी वर्गाचे दोन भाग करतो.

बाग, पालखी आणि जाखडी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ त्याखाली होते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के. देशाचा हा आकडा पावसच्या एखाद्या वाडीला लावता येईल का, याची तपासणी हाच क्षेत्र प्रकल्पाचा उत्तम विषय.

जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालींची एक प्रश्नावली आहे. काम, प्रवास आणि फावला वेळ अशा तीन भागांत ती विचारते. ‘तुम्ही मध्यम श्रमाचे काम करता का’ असा प्रश्न वाडीत विचारला तर समोरची बाई हसते. प्रश्नावलीत इथली कामे घालावी लागतात. लावणी, कापणी, भारा वाहणे, विहिरीचे पाणी शेंदणे, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवणे, पेट्या भरणे आणि चढवणे, बाजारात माशांची पाटी नेणे. झेला घेऊन मान वर करून तासन्‌तास उभे राहणाऱ्याच्या खिशातला फोन जेमतेम काही शे पावले दाखवतो. डोक्यावर ओझे आहे की नाही हे तर त्याला कळतच नाही. फोन, प्रश्नावली आणि स्वतः बसून केलेले निरीक्षण या तिन्हींतून दिवसाची तीन वेगळी चित्रे निघतात. ती शेजारी मांडली की शारीरिक श्रम आणि व्यायाम यांतला फरकही पुढे येतो. खांदा दुखेपर्यंत एकाच बाजूने काम करणाऱ्याला श्रम पुरेसे झाले म्हणून लवचिकता आणि तोल आपोआप येत नाहीत.

वेळापत्रकाचा एक पेच इथे आहे. हापूसचा हंगाम मार्च ते मे, आणि दुसऱ्या सत्राची परीक्षाही त्याच सुमारास. बागवाल्या घरातली मुले त्या दिवसांत तासांना कमी दिसतात. बागेतल्या कामाचा अभ्यास हाच त्यांचा प्रकल्प केला तर गैरहजेरीचे तासही अभ्यासात जमा होऊ शकतात. त्यासाठी प्राचार्यांची परवानगी आणि नोंदवहीवर शिक्षकाची करडी नजर, दोन्ही लागतील.

सणांतही भरपूर सामग्री आहे. गणपतीत जाखडीचे फेर रात्रभर चालतात. मध्ये गाणारे-वाजवणारे आणि भोवती पायात चाळ बांधून नाचणारे. नाचणाऱ्याच्या नाडीचा वेग आणि एका फेरातली पावले मोजली, तर गावची कला व्यायामाच्या भाषेत कशी दिसते ते कळते. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचवणाऱ्यांच्या बाबतीत भार, खांदेपालट आणि विश्रांती यांचा अभ्यास करता येईल. अर्थात पालखी देवाची आहे. मानकऱ्यांना आणि ग्रामस्थांना आधी विचारावे. ‘नको’ म्हणाले तर विषय बदलावा आणि त्यावर वाद घालू नये.

विंचू, फुरसे आणि नकाशा

शारीरिक शिक्षणाच्या नावातला ‘आरोग्य’ हा भाग बहुधा जीवनसत्त्वांच्या तक्त्यात संपतो. कोकणात त्याला फार जिवंत विषय आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रायगडातल्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. त्यांचे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे संगणक नव्हता. पण नोंद शिस्तीची होती.

पदवीच्या विद्यार्थ्याने औषधोपचाराच्या वाटेला जाऊ नये. त्याला करता येण्याजोगे काम दुसरे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकत्रित प्रतिविष चालते, पण ते वेळेत मिळायला हवे. सड्यावरच्या वाडीपासून गाडीरस्त्यापर्यंत पायवाटेने किती वेळ लागतो, पावसात कोणता ओढा अडतो, रात्री गाडी कुणाकडे असते, प्रतिविष नेमके कुठे मिळते, तिथपर्यंत किती मिनिटे? फोनवरच्या नकाशात अशी पायवाट असेलच असे नाही. विद्यार्थ्यांनी ती वाट प्रत्यक्ष चालून, वेळ नोंदवून, खुल्या नकाशावर उतरवली की गावाला कायम उपयोगी पडणारी वस्तू तयार होते. सोबत एक पान प्रथमोपचाराचे. चिरू नये, घट्ट आवळून बांधू नये, अवयव हलू देऊ नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हे पान डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वाटायचे नाही, ही अट.

चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचेही तसेच. भातखाचरात उघड्या पायांनी उतरणारे, पायाला भेगा असलेले, ताप अंगावर काढणारे. वाडीतले किती जण चिखलात उतरताना काही संरक्षण वापरतात आणि का वापरत नाहीत, याचे सर्वेक्षण आणि त्यावरून केलेली दोन मिनिटांची, इथल्याच बोलीतली चित्रफीत आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकापेक्षा लांब पोचेल. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचे असंसर्गजन्य आजारांसाठी घरोघर अर्ज भरतात. त्यात कंबरेचा घेर आणि आठवड्याची हालचाल विचारलेली असते. विद्यार्थ्यांनी त्यांच्याबरोबर फिरून प्रश्न विचारायची रीत शिकावी. आपले वेगळे अर्ज घेऊन त्याच दारात पुन्हा उभे राहणे टाळावे.

कुणाचे वजन, कुणाचा तक्ता

शरीराचे आकडे हे परीक्षेच्या गुणांसारखे फलकावर लावायचे नसतात. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक भारतीयांसाठी २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा मानला जातो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा हा आकडा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तर ती पुढच्या तासाला येणार नाही. सगळ्यांची पावले उतरत्या क्रमाने दाखवणारी ॲप स्पर्धेची हौस भागवतात, पण दमा असलेला किंवा पायाने अधू मुलगा कायम तळाला राहतो. म्हणून तक्त्यात नावाऐवजी क्रमांक हवा, नावांची यादी शिक्षकाकडे स्वतंत्र हवी, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी व्हावी.

कायद्याचीही बाजू आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुले असतातच. शिवाय छातीत दुखणे, चक्कर, जुना आजार याविषयी आधी विचारल्याशिवाय कुणालाही पायरीवर चढवू किंवा १२ मिनिटे धावायला लावू नये. पाळीच्या दिवसांत चाचणी पुढे ढकलायची मुभा असावी आणि त्याचे कारण मुलीला सगळ्यांसमोर सांगावे लागू नये.

गुण कशाला

या सगळ्याचे भवितव्य मूल्यमापनावर ठरते, कारण मुले ज्याला गुण आहेत तेच करतात. अहवाल सुबक असावा याला गुण दिले तर सुबक अहवाल येतात. आता तर ते लिहून देणारी यंत्रेही हाताशी आहेत. वीस पानांचा निर्दोष मराठी अहवाल आणि त्याच्या तळाशी एकही खाडाखोड नसलेला तक्ता दिसला, की शंका घ्यावी. खऱ्या मोजणीत एखादा दिवस पाऊस पडलेला असतो, एकाची बॅटरी संपलेली असते, दोघांचे आकडे जुळलेले नसतात.

अर्धे गुण कच्च्या नोंदींना द्यावेत. तारीख, वेळ, जागा, मोजणाऱ्याचे नाव आणि काय बिघडले याचा शेरा. ऑनलाइन तक्त्याला बदलांचा इतिहास असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेले तीन महिन्यांचे आकडे त्यात लगेच दिसतात. काही गुण तोंडी परीक्षेला, आणि तीत प्रत्येकाला स्वतःचा एक आकडा उचलून तो किती चुकलेला असू शकतो हे सांगायला लावावे. उरलेले गुण तयार झालेली वस्तू ज्याला दिली त्याच्या अभिप्रायाला. कबड्डी संघाने वेळापत्रक वापरले का, ग्रामपंचायतीने नकाशा लावला का, आशाताईंना चित्रफीत दाखवावीशी वाटली का? सादरीकरणातल्या रंगांना आणि हलत्या अक्षरांना शून्य गुण दिले तरी चालेल.

खर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. मोजपट्टी, वजनकाटा, चुना, चार चिरे, फळी आणि गटामागे एक चालता फोन एवढे पावसला पुरते, आणि लागणाऱ्या प्रणाली फुकट आहेत. महाग आहे तो शिक्षकाचा वेळ. सोळा गटांच्या नोंदी आठवड्यातून एकदा वाचणे, प्रत्येक गटाबरोबर एकदा तरी वाडीवर जाणे, संमतीचे अर्ज तपासणे, हे काम संघनिवड आणि भत्त्याची बिले सांभाळून उरलेल्या वेळात होण्यासारखे नाही. विद्यापीठाने आणि शासनाने ते शिक्षकाच्या कार्यभारात धरले पाहिजे. तसे झाले नाही तर विद्यार्थ्यांचे हे ६० तासही फाइलीतच भरले जातील.